दारापासून दोन पावलं मागे

४ फेब्रुवारी १९५२

तीर्थरूप वहिनी,

नमस्कार. पत्राला उशीर झाला म्हणून मनातल्या मनात चार शिव्या घालून झाल्या असतील. पाचवी घालण्याआधी बातमी ऐका. मला काम लागलं. गोदामात नाही, छापखान्यात नाही, चित्रपटाच्या स्टुडिओत. फाटकाशी नुसती चौकशी करायला उभा होतो. आतून एक गृहस्थ आले, माझी हनुवटी धरून चेहरा इकडे तिकडे वळवून पाहिला आणि म्हणाले, "चालेल, आत या." कोण, कुठला, काय शिकलास, काही विचारलं नाही.

आता रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी कॅमेऱ्यासमोर असतो. खुनाचं चित्र आहे. शहरात एकामागून एक बायकांचे खून पडतात, पोलीस चक्रावून जातात आणि शेवटी खुनी निघतो तो पुलापलीकडचा माणूस. म्हणजे आपल्यातला. गंमत बघा, इथेही आपल्याला पुलापलीकडचेच म्हणतात. पूल कुठला, हे कुणाला ठाऊक नाही, पण आपण त्याच्या पलीकडचे हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. या काळ्या तोंडाचा उभ्या जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला.

दादाला सांगा, धाकटा चित्रपटात आहे. बाकीचं सवडीने लिहितो.

तुमचा,
भाऊजी


१९ फेब्रुवारी

भाऊजी, अनेक आशीर्वाद.

शिव्या तीनच घातल्या होत्या, चौथी राखून ठेवली आहे. तुमचं पत्र यांनी पायातले जोडे न काढता दारातच वाचलं. मग घडी करून खिशात ठेवलं, जेवताना पुन्हा काढून वाचलं. एरवी यांच्या तोंडून चार शब्द काढायचे म्हणजे घट्ट बसलेलं झाकण उघडण्यापैकी काम. पण दुसऱ्या दिवसापासून जिथे जिथे गॅसचं मीटर वाचायला जातात, तिथल्या स्वयंपाकघरात आकडा टिपून झाला की सांगतात, "आमचा धाकटा चित्रपटात आहे बरं का." महिन्याला सहाशे घरं होतात. म्हणजे सहाशे बायकांना तुमची कीर्ती कळली, आणि मला वाटतं काहींना दोनदा.

आता खरं सांगा. तुम्ही कुणाचं काम करता? बोलता किती? तुमचं "बाकीचं सवडीने" माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मागे सवडीने सांगतो म्हणालात, तेव्हा परीक्षेला बसलाच नव्हतात.

बेबीला काकाचा फोटो हवा आहे. चित्रातला.

वहिनी


५ मार्च

तीर्थरूप वहिनी,

तुमच्यापुढे माझी डाळ शिजत नाही. सांगतो, पण दादाला कळू देऊ नका. मी नट नाही. मी उभा राहणारा माणूस आहे.

खुन्याचं काम करतात ते इथले मोठे नट. गोरेपान, नाकीडोळी रेखीव. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना राजबिंडे म्हणतो. त्यांना रोज दीड तास खुर्चीत बसवून काळं करतात. तेवढ्या वेळात सेटवर दिवे जुळवून घ्यायचे असतात. गोऱ्या माणसावर दिवे जुळवले आणि मग काळा केलेला माणूस तिथे उभा केला, तर पडद्यावर नुसते डोळे आणि दात दिसतात. म्हणून खरोखरीचा काळा माणूस लागतो. जमिनीवर खडूची खूण असते, तिच्यावर मी उभा राहतो. कॅमेरावाले माझ्या कपाळावर, गालावर उजेड जमवतात, कधी कधी दोन दोन तास. जमला की राजबिंडे येतात, मी बाजूला होतो, ते खुणेवर उभे राहतात आणि कॅमेरा सुरू होतो. तेव्हा मी खोटं लिहिलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर असतोच, तो बंद असतो एवढंच.

पण आता खरी बातमी. परवा दाराचा प्रसंग होता. खुनी एका बाईचं दार वाजवतो. राजबिंडे धडाधड वाजवत होते, दिग्दर्शकांना ते पटेना. म्हणाले, "असा आला तर कुठली बाई दार उघडेल?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो, तुमच्यातली माणसं परक्या दाराशी कशी उभी राहतात?" इथे आल्यापासून मला कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. माझ्या डोळ्यांपुढे दादाच आला. मधल्या बोटाच्या पेराने दोनदा हलकेच टकटक, मग दोन पावलं मागे, उजेड तोंडावर पडेल असं उभं राहायचं, टोपी काढून दोन्ही हातांनी छातीशी धरायची. करून दाखवलं. दिग्दर्शक म्हणाले, "हेच पाहिजे." दिवसभर मी राजबिंड्यांना शिकवत होतो. टोपी धरणं त्यांना काही केल्या साधेना, फुलांचा गुच्छ धरल्यासारखी धरायचे.

तेव्हा मी नसलो तरी दादा चित्रपटात आला म्हणा. प्रदर्शित झालं की त्याला आयतंच दिसेल, आधी सांगू नका.

भाऊजी


२० मार्च

भाऊजी, आशीर्वाद.

तुमचं गुपित पोटात ठेवलं आहे. यांना सांगितलं, भाऊजींवाचून तिथे कॅमेरा सुरू होत नाही. खोटं नाहीच ते. तुमच्या पत्रांनी मीही तुमच्यासारखी बोलायला लागले.

पण दाराचं वाचलं आणि बरं वाटलं नाही. तुम्ही तेव्हा शाळेत होतात, म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. नोकरी लागली त्या पहिल्याच महिन्यात हे एका दाराशी इतर मीटरवाले उभे राहतात तसेच उभे राहिले, चौकटीला लागून. बाईने दार उघडलं, यांचं तोंड पाहिलं आणि किंचाळली. शेजारी धावून आले. कंपनीचा बिल्ला दाखवेपर्यंत यांच्या डोक्याला खोक पडली होती. घरी येऊन मला म्हणाले, "चुकलं माझंच, एकदम अंगावर गेल्यासारखं झालं तिला."

त्या रविवारी आम्ही आमच्याच दारावर सराव केला. मी आत, हे बाहेर. किती मागे उभे राहिले की मला दचकायला होत नाही, ते बघत होतो. एक पाऊल कमी पडतं. तीन पावलांवर माणूस पळायच्या बेतात असल्यासारखा वाटतो. दोन ठरली. टोपीखाली तोंड दिसत नाही म्हणून टोपी काढायची. हात दिसले पाहिजेत म्हणून ते दोन्ही टोपीवर. चौदा वर्षं झाली, पुन्हा कुणी किंचाळलं नाही. ते सगळं आम्ही दोघांनी मिळून बसवलं आहे, भाऊजी. उगीच कुणाला शिकवायचं म्हणून नाही.

एकच विचारते. दार उघडल्यावर तुमचे राजबिंडे काय करतात?

वहिनी


११ जून

तीर्थरूप वहिनी,

उत्तर राहून गेलं. कामाची गडबड होती, शिवाय खोली बदलली. जुन्या खोलीच्या मालकिणीला माझं येणंजाणं खटकायला लागलं होतं. नवी खोली बरी आहे, खिडकी जरा लहान.

चित्र पुरं झालं. तुम्ही दाराचं विचारलं होतंत. वहिनी, खुनाचं चित्र आहे, दार उघडल्यावर जे व्हायचं ते होतं. पण ती गोष्ट असते. लोक तिकीट काढून येतात, घाबरतात, बाहेर पडले की शेंगदाणे खात घरी जातात. कुठलं खरं, कुठलं खोटं, एवढं लोकांना कळतं.

मी आता दुसऱ्या चित्रात उभा आहे. तिथे चोर पुलापलीकडचा आहे. त्याच्या शेजारच्या सेटवर खबऱ्या आहे, तोही आपलाच. आपल्यावाचून यांचं पान हलत नाही. फक्त सकाळी कामावर निघालेला, मुलीच्या बुटांचे बंद बांधणारा, डॉक्टरकडे जाऊन जीभ दाखवणारा असा आपल्यातला माणूस अजून कुठल्या चित्रात पाहिला नाही. कॅमेरावाल्यांना मी सहज म्हटलं तसं. ते म्हणाले, "त्यात बघण्यासारखं काय आहे?"

दादाची तब्येत कशी आहे?

भाऊजी


८ सप्टेंबर

भाऊजी, आशीर्वाद.

तुमचं चित्र आमच्या गावात आलं. यांनी आठवडाभर आधीपासून दवंडी पिटली होती. ज्या स्वयंपाकघरात गेले तिथे, "शनिवारी लागतंय, नक्की बघा." पहिल्या खेळाला अर्ध्या तर यांच्या मीटरवाल्या घरांतल्याच बायका होत्या. मागे वळून वळून यांना नमस्कार करत होत्या. हे ठेवणीतला कोट घालून बसले होते.

निम्मं चित्र होईपर्यंत आम्ही तुम्हालाच शोधत होतो. बाजाराच्या प्रसंगात दिव्याच्या खांबाशी एक पाठमोरा माणूस होता, हे म्हणाले, "तो बघ." मी म्हटलं, हो, तोच.

मग दार आलं. दोनदा टकटक झाली. तो दोन पावलं मागे गेला, उजेडात उभा राहिला, टोपी काढून छातीशी धरली. त्याचं तोंड, भाऊजी, किती भलं दिसत होतं. दार उघडलं. पुढचं मी डोळे मिटून घेतले, पण किंकाळी ऐकायला आलीच. चित्रात तो तीनदा दार वाजवतो. तिसऱ्या वेळी नुसती टकटक ऐकूनच थिएटरातल्या बायका ओरडल्या.

दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे पाहिलं. सुरू होण्याआधी त्यांनीच यांना नमस्कार केला होता. आता नुसतंच पाहिलं आणि मुलीचा हात धरून लगबगीने निघाल्या. वाटेत हे एवढंच म्हणाले, "धाकट्याला जवळून दाखवायला पाहिजे होतं." यांना कळलं की नाही, मला समजलं नाही.

तुम्ही मला जूनमध्येच सरळ सांगायला हवं होतं.

वहिनी


३ ऑक्टोबर

भाऊजी,

उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. दारं उघडत नाहीत. पहिल्या दिवशी पाच, काल एकोणीस. आत भांड्यांचा आवाज येत असतो. हे टकटक करतात, मागे होऊन उभे राहतात, आणि आतला आवाज थांबतो. मग हे थोडा वेळ थांबून पुढच्या दाराकडे जातात. एका घरात पडदा हलला, यांनी टोपी जरा वर करून दाखवली, तर कडी लागल्याचा आवाज आला. चौदा वर्षं जात आहेत त्या घरी. त्या बाईंच्या बाळंतपणात डॉक्टरला बोलावून आणलं होतं यांनीच.

मला म्हणतात, "साथ आली असेल कसली तरी, लोक परक्याला घरात घेत नाहीत." मी हो म्हणते. वाचलेच गेले नाहीत असे आकडे साचले आणि हेडक्लार्कने खुलासा मागितला आहे. हे खुलासा काय लिहिणार? तीन दिवस झाले, कागद पुढे घेऊन बसतात.

काल बेबी शाळेतून आली ती सांगत, की मधल्या सुट्टीत सगळ्या मुली एक खेळ खेळतात. एकीने बाकावर दोनदा टकटक करायचं, दोन पावलं मागे सरायचं, आणि बाकीच्यांनी ओरडत पळायचं. हिला तीनदा टकटक करायला मिळालं म्हणून ही खुशीत होती. हे ऐकत होते. उठून कपडे वाळत घालायला गेले, तेही आधीच वाळलेले.

तुम्हाला शिव्या घालायच्या म्हणून बसले होते, पण त्याने काय होणार? मी यांना सांगू का? आणि सांगितलं तर पुढे काय करायचं तेही सांगा.

वहिनी


१२ ऑक्टोबर

तीर्थरूप वहिनी,

तुमची दोन्ही पत्रं खिशात घेऊन हिंडतो आहे. खुणेवर उभा असताना मी कधी हलत नाही, त्यासाठीच मला ठेवलं आहे, पण परवा कॅमेरावाले दोनदा ओरडले, "स्थिर राहा." मला माझीच लाज वाटते. त्या दिवशी दिग्दर्शकांनी वाहवा केली तेव्हा मी फुशारून गेलो होतो. दादाचं शिकवतो आहे, दादाचं कौतुक होतंय, असं वाटत होतं. त्या दाराआड काय होणार हे मला माहीत होतं, वहिनी. गोष्ट मी वाचलेली होती. दोन गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी होत्या आणि त्यांची मी गाठच पडू दिली नाही.

दादाला सांगू नका. मीच सांगेन.

आणखी एक आहे. लिहू की नको करत चार दिवस गेले. चित्र तुफान चाललं आहे, म्हणून त्याचा दुसरा भाग काढत आहेत. राजबिंड्यांच्या तोंडावर त्या रंगाने पुरळ आलं, शिवाय त्यांना आता प्रेमाची कामं हवी आहेत. दिग्दर्शकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तूच कर." खुन्याचं काम. बोलायचं काम. पोस्टरवर नाव. आजवर आपल्यातल्या एकाही माणसाचं नाव कुठल्या पोस्टरवर आलेलं नाही, मी स्टुडिओतल्या जुन्या माणसांना विचारून पाहिलं. टकटक तशीच करायची आहे, प्रेक्षक त्यासाठीच येणार.

मी नाही म्हटलं तर ते आणखी कुणाला तरी काळं करतील. टकटक काही थांबणार नाही. मग निदान आपला माणूस असू दे की. आज खुनी, उद्या कदाचित पोलीस, परवा डॉक्टर. दाराबाहेर उभं राहून काहीच होत नाही, एकदा आत गेलं पाहिजे. हे मी स्वतःलाच समजावतो आहे की तुम्हाला, ते कळत नाही. महिनाअखेर सांगायचं आहे.

भाऊजी


२४ ऑक्टोबर

भाऊजी,

यांना फेरीवरून काढलं. कंपनीच्या तळघरात बसवलं आहे, बंद पडलेली मीटरं पुसायला. तिथे दार वाजवावं लागत नाही. संध्याकाळी येतात तेव्हा हातांना राखाडी धूळ असते. परवा मला विचारलं, "माझ्या टकटकीत काही फरक पडलाय का गं? जोरात होते का?" रविवारी पुन्हा आमच्या दारावर सराव करायचा म्हणाले. मी आत उभी राहिले. दार उघडलं तर हे दोन पावलं मागे, टोपी छातीशी. भाऊजी, मी दचकले. मी. सोळा वर्षांचा संसार आहे माझा. मी लगेच हसून साजरं केलं, पण यांनी पाहायचं ते पाहिलं.

तुम्ही उद्याचे पोलीस आणि परवाचे डॉक्टर होणार असाल, तर आनंद आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर आजचा दिवस आहे. नका करू ते काम. सरळ सांगते आहे. तुम्हाला राग आला तर येऊ दे, मलाही आलेला आहे.

वहिनी


९ नोव्हेंबर

तीर्थरूप वहिनी,

तुमचं पत्र मिळण्याआधी हो म्हटलं असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. पत्र मिळाल्यावर हो म्हटलं. आता काय झालं ते ऐका.

काल तालीम होती. कॅमेरा नाही, दिवे नाहीत, नुसतं एक लाकडी दार मधोमध उभं केलेलं. दार उघडणाऱ्या बाईचं काम जी करते तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. नऊ महिने मी आणि ती दुपारी एका बाकावर बसून डबा खातो. तिच्या मुलाच्या वह्यांना कव्हरं मी घालून दिली आहेत. पहिल्या भागातही तीच होती. राजबिंड्यांसमोर तिला किंकाळी जमेना, दहा दहा वेळा करून घ्यावी लागली होती.

मी दार वाजवलं. दोन पावलं मागे झालो. तोंडाला रंग नाही, काही नाही, रोजचाच मी. अक्काने दार उघडलं. तालीम होती, ओरडायचं नव्हतंच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळली. खरी किंचाळली, मागची खुर्ची पडली. मग दोन्ही हात तोंडावर घेऊन म्हणाली, "अरे, माझं मेलीचं काय हे, तूच आहेस की." रडायलाच लागली. मी तिला पाणी दिलं.

दिग्दर्शक खूश झाले. म्हणाले, "रंग फासून हे येत नाही. खरा माणूस तो खरा माणूस."

आज दुपारी अक्का दुसऱ्या बाकावर बसली. लाजेने बसली, मला कळतं. तरी बसलीच.

दादाला आता सगळं सांगा. मला लिहायला जमत नाही.

भाऊजी


२० नोव्हेंबर

चिरंजीव धाकट्यास आशीर्वाद.

चित्र बघून आल्यापासून तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत. तुझी वहिनी ती पिठाच्या डब्यामागे ठेवते. तिला वाटतं ती जागा मला ठाऊक नाही. मी घरोघरच्या स्वयंपाकघरांत चौदा वर्षं मीटर शोधतो आहे. डब्यामागे काय असतं ते मला कळतं.

चित्रपटात पहिल्या टकटकीलाच ओळखलं. स्वतःचं स्वतःला ओळखू येणार नाही का? बोललो नाही, कारण मला कळलेलं नाही अशा समजुतीत तुझी वहिनी जरा बऱ्या मनाने वावरत होती. मला तुझा राग आला. अजून आहे. पण त्या सहाशे घरांना चित्र बघायला मीच पाठवलं, तेव्हा सगळा दोष तुझ्यावर टाकता येत नाही, याचाही राग येतो.

आता इथली हकीकत. मी पुन्हा फेरीवर जातो. तुझी वहिनी हेडक्लार्कला जाऊन भेटली. तो म्हणाला, आकडे मिळाल्याशी कारण, दार कोण वाजवतं ते कंपनी बघत नाही. आता ती माझ्याबरोबर येते. वर जाऊन दार ती वाजवते. मी खालच्या जिन्याच्या वळणावर, दिसणार नाही असा थांबतो. दार उघडलं, दोन शब्द बोलणं झालं की ती खाली बघून "या" म्हणते, मग मी वर जातो. बहुतेक दारं उघडतात. काम होतं. तिच्या पायांना सूज येते, पण ती कबूल करत नाही.

कामाबद्दल तू मला विचारलं नाहीस, तरी सांगतो. तू नाही केलंस तर दुसऱ्याला काळं करतील, हे तुझं म्हणणं खरं आहे. कर. तू चांगलं करशील. माझी एवढीच विनंती की पोस्टरवर नाव घालू नकोस. तुझं आडनाव तेच माझ्या बिल्ल्यावर आहे. बायका आता बिल्ला वाचून मग आत घेतात. तेवढं एक मला राहू दे. नाव येण्याची तुला किती हौस आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून मागायला जड जातं.

दादा


२७ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं त्याच सकाळी दिग्दर्शकांकडे गेलो. म्हटलं, काम करतो, पण नाव घालू नका. मला वाटलं होतं नाराज होतील. ते खुर्चीतून उठले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "उत्तम कल्पना. नावच नको. नाव असलं की तो एक माणूस होतो. नाव नसलं की त्यांच्यातला कुणीही असू शकतो. माणूस घरी जाऊन कडी तपासेल." लगेच कागद ओढून पोस्टर काढायला लागले. वर बाईचं तोंड, खाली दार, दारापुढे आपल्या रंगाचा माणूस, आणि त्याच्या नावाच्या जागी काहीच नाही.

मी तो कागद बघत उभा राहिलो. तू यातून सुटावास म्हणून मी नाव काढायला गेलो होतो, आणि त्या कोऱ्या जागेत त्यांनी तुला, मला, पुलापलीकडच्या सगळ्यांना बसवलं होतं. मी म्हटलं, मी काम करत नाही. ते म्हणाले, ठीक आहे, दुसरा माणूस बघतो. रंग आहेच. मग म्हणाले, "दिव्यांसाठी उभा तरी राहशील ना?" मी नाही म्हटलं. "मग उजेड जमायचा नाही." मी म्हटलं, नका जमवू.

निघताना अक्का फाटकापर्यंत आली. हातात डबा ठेवला, वाटेत खायला. मी घेतला.

दादा, मी परवाच्या गाडीने येतो. तिथे काय काम मिळेल ते बघू, तळघरातली मीटरं पुसेन. पण आधी तुझ्याबरोबर फेरीवर यायचं आहे, सगळ्या सहाशे घरांना, कितीही महिने लागू देत. वहिनींना आता घरी बसू दे. मला त्या बायकांना सांगायचं आहे, की तुम्ही पाहिलंत ते उभं राहणं माझ्या भावाचं आहे. तुम्हाला भीती वाटू नये म्हणून त्याने ते आपल्या बायकोबरोबर बसवलं, आणि मी ते दुसऱ्यांना देऊन टाकलं. पाठ करून बोलणार नाही. बोलताना अडखळेन, पण बोलेन. काही दारं उघडणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. बंद दाराला सांगेन, आतून ऐकू जातं.

एकच अट आहे. तू खाली जिन्याच्या वळणावर थांबायचं नाहीस. दार मी वाजवणार, आणि तू माझ्या शेजारी उभा राहणार.

तुझा,
धाकटा